फ्रँक्लिन, अरीथा
(२५ मार्च १९४२–१६ ऑगस्ट २०१८). सोल संगीतप्रकारातील श्रेष्ठ अमेरिकन गायिका, पियानोवादक व गीतकार. संपूर्ण नाव अरीथा लुईस फ्रँक्लिन. जन्म टेनेसी राज्यातील मेंफिस येथे. तिचे वडील बॅप्टिस्ट पंथाचे नामवंत धर्मोपदेशक होते. आई गायिका व पियानोवादक होती. १९४८ मध्ये आईवडील विभक्त झाले व १९५२ मध्ये आईचे निधन झाले. अरीथाचे बालपण मुख्यत्वे डिट्रॉइट येथे गेले. तेथील वडिलांच्या न्यू बेथेल चर्चमध्ये ती लहानपणीच गाऊ लागली. पियानोवादन तिने केवळ श्रवणाने आत्मसात केले. महेलिया जॅक्सन, क्लॅरा वॉर्ड इ. गायिकांचे घरी येणेजाणे असल्यामुळे त्यांच्या गायनाचे संस्कार तिच्यावर झाले. चर्चमधील तिच्या गायनाचे पहिले ध्वनिमुद्रण १९५६ मध्ये झाले.

कृष्णवर्णीय अमेरिकनांचे गॉस्पेल हे भक्तिसंगीत आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे लौकिक संगीत यांच्या संयोगातून सोल संगीत उदयास आले. ईश्वरस्तवनाची गानपद्धती ऐहिक प्रेमगीतांसाठी वापरणे अनेक श्रद्धाळूंना अप्रशस्त वाटे. तथापि अरीथाला लौकिक संगीताकडे वळताना वडिलांचा पाठिंबा लाभला. १९६० मध्ये तिने कोलंबिया कंपनीशी करार केला. परंतु तेथील जॅझ व लोकप्रिय वळणाच्या गीतांतून तिच्या आवाजाचे सामर्थ्य पूर्णपणे प्रकट झाले नाही. १९६६ मध्ये ती अटलांटिक कंपनीत आली. तेथील निर्माते जेरी वेक्सलर यांनी तिला पियानोवर बसवूनच गाण्यास प्रवृत्त केले. तिच्या वादनातील चर्चसंगीताचा डौल हाच त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांचा पाया ठरला.

‘रिस्पेक्ट’ (१९६७) हे तिचे सर्वांत गाजलेले गीत. ओटिस रेडिंगने १९६५ मध्ये रचलेल्या मूळ गीतात घरी परतणारा पुरुष पत्नीकडून मान मागतो. अरीथाने शब्दांत फेरफार केले, शीर्षकातील अक्षरे सुटी उच्चारली व बहिणींच्या साथीने गॉस्पेलमधील प्रश्नोत्तरवजा गायनाची योजना केली. स्त्रीच्या मुखी आल्याने मागणीचा अर्थच पालटला. स्त्रीमुक्ती व नागरी हक्क या दोन्ही चळवळींनी हे गीत आपले मानले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या कार्यासाठी तिने निधिसंकलनपर कार्यक्रमही केले.

तिच्या आवाजाचा पल्ला विस्तृत होता. मात्र तिचे वैशिष्ट्य केवळ पल्ल्यात नव्हते. एकाच अक्षरावर अनेक स्वर गुंफणे, ठेक्याच्या किंचित मागेपुढे शब्द टाकणे आणि कुजबुजीपासून आर्त पुकारापर्यंत सहज जाणे, यांमुळे परिचित गीतही ती स्वतःचे करी. १९७२ मध्ये लॉस अँजेल्समधील एका चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अमेझिंग ग्रेस’ या संग्रहाने ती पुन्हा भक्तिसंगीताकडे वळली. गॉस्पेलच्या सर्वाधिक खपाच्या संग्रहांत त्याची गणना होते.

तिला अठरा ग्रॅमी पारितोषिके मिळाली. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये १९८७ साली समाविष्ट झालेली ती पहिली स्त्री होय. २००५ मध्ये तिला ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सन्मान लाभला. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या शपथविधीप्रसंगी तिचे गायन झाले. डिट्रॉइट येथे ती निधन पावली. २०१९ मध्ये तिला मरणोत्तर विशेष पुलिट्झर सन्मान देण्यात आला. व्हिटनी ह्यूस्टनसारख्या पुढील पिढीतील गायिकांवर तिचा ठसा स्पष्ट दिसतो. उपासनेतील उत्कटता लौकिक गीतात आणून सामान्य माणसाच्या आत्मसन्मानाला तिने स्वर दिला, यातच तिच्या कार्याचे चिरंतनत्व आहे.