घरातली दुर्गंधी फुले: वास कोणाचा, दोष कोणाचा?

आजचा विषय फलकावर वाचून काही जण हसले, ते आम्ही इथून पाहिलं. हसायला हरकत नाही. घरात मोगरा लावावा, निशिगंध लावावा, हे कोणालाही पटतं. पण सडक्या मांसासारखा वास मारणारं फूल मुद्दाम कुंडीत वाढवायचं, हा काय प्रकार? आणि तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं त्यावर व्याख्यान का द्यावं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देऊ. आधी झाडांची ओळख करून घेऊ.

दुर्गंधी फुलांचं नाव काढलं की लोकांना दोन राक्षसी फुलं आठवतात. एक रॅफ्लेशिया. ती परजीवी वनस्पती आहे. द्राक्षाच्या कुळातल्या एका रानवेलीच्या अंगात ती वाढते. तिला स्वतःची पानं नाहीत, खोड नाही, म्हणून कुंडीत लावण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरं टायटन अरम. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाला ते १८७८ मध्ये सुमात्रात सापडलं, आणि १८८९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात लागवडीत पहिल्यांदा फुललं. त्याचा फुलोरा तीन मीटरपर्यंत जातो, कंद ५० किलोंहून जड होऊ शकतो, आणि पहिल्या फुलासाठी बहुधा सात-दहा वर्षं थांबावं लागतं. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये हे परवडणारं नाही.

मग घरात काय लावता येतं? पहिली निवड स्टापेलिया. मूळची दक्षिण आफ्रिकेची. आपल्या नर्सऱ्यांत तिला 'स्टारफिश कॅक्टस' म्हणतात, पण ती निवडुंग नव्हे. ती रुईच्या कुळातली. खोड चौधारी, मांसल, मखमली, पानं जवळजवळ नाहीतच. स्टापेलिया जायगँटिया या जातीचं फूल २५ ते ४० सेंटिमीटर रुंद असतं. पाच टोकांच्या फिकट पिवळ्या पाकळ्या, त्यांवर तांबूस आडव्या रेघा आणि बारीक केस. एखाद्या जनावराचं कातडं सोलून ठेवावं तसं दिसतं. हिची नातलग मंडळी आपल्या सह्याद्रीतही आहेत बरं का. कंदीलपुष्पाच्या जाती त्यातल्याच. शिंदळ माकुडी ही तर महाराष्ट्राबाहेर न आढळणारी, जुन्नर भागातल्या कड्यांवर वाढणारी वनस्पती. तिच्या प्रजातीला 'फ्रेरिया' हे नाव मिळालं ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. पण ही दुर्मिळ झाडं कड्यावरच राहू द्यावीत. गडावरून उपटून आणणं हा छंद नव्हे, चोरी आहे.

दुसरी निवड ऐकून तुम्ही चकित व्हाल. सुरण! होय, भाजीचा सुरण. तो टायटन अरमचा सख्खा भाऊबंद. आपण कंद खातो, म्हणून त्याचं फूल आपल्याला ठाऊक नसतं. कोकणातल्या मंडळींना शेवळं माहीत असतील. पहिल्या पावसात बाजारात जुड्या येतात आणि खाज मारण्यासाठी काकडं घालून भाजी होते. ते शेवळंही याच प्रजातीचं. आपण शिजवतो तो न उमललेला फुलोरा. तो उमलला असता तर त्याच्या वासानं कोणी त्याची भाजी केली नसती.

आता मूळ प्रश्न. फुलानं घाण वास का मारावा?

कारण तो वास आपल्यासाठी नाहीच. मधमाशी मधासाठी येते, फुलपाखरू रंगाला भुलतं. पण काही माश्या आणि भुंगेरे मेलेल्या जनावरांवर अंडी घालतात, आणि ही फुलं त्यांनाच हाक मारतात. मांस कुजताना गंधकाची जी संयुगं हवेत सुटतात, त्यांतलीच काही, उदाहरणार्थ डायमिथाइल डायसल्फाइड आणि ट्रायसल्फाइड, ही फुलं स्वतः तयार करतात. टायटन अरमचा मधला दांडा तर तापतोसुद्धा, जवळजवळ आपल्या अंगाइतका. उष्णतेनं वास वर चढतो आणि लांब पसरतो. सुरणाच्या फुलोऱ्यात पहिल्या दिवशी खालची मादीफुलं तयार असतात, वासाचा जोर तेव्हाच. वरची नरफुलं पराग सोडतात ती नंतर. म्हणजे आलेला किडा दुसरीकडचा पराग इथे ठेवतो आणि जाताना इथला घेऊन जातो.

स्टापेलियाची तऱ्हा वेगळी. तिचा पराग धुळीसारखा सुटा नसतो, त्याचे घट्ट पुंज असतात. माशी फुलाच्या मध्यभागी सोंड खुपसते, तेव्हा तो पुंज चिमट्यासारखा तिला अडकतो. आणि माशीची फसगत इतकी पुरी होते, की ती तिथे अंडी घालते. पांढऱ्या अंड्यांचा पुंजका नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्यातून अळ्या निघतात आणि उपाशी मरतात, कारण तिथे मांस नाहीच. आम्ही हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मन खट्टू झालं. हे खोटं बोलणंच झालं की! पण खोटं बोलणारा कुठे आहे? फुलाला हेतू नाही. हेतूशिवाय फसवणूक होऊ शकते का, यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल. तूर्त एवढंच लक्षात ठेवा, की ज्या वासानं आपण नाक दाबतो, त्याच वासाला माशी निमंत्रण समजते.

मग तो वास 'घाण' आहे, हे म्हणणं कोणाचं? आपल्याकडे वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला. पाण्याला वास आला तर तो त्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा, असं ते म्हणतात. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त गंधाचे दोनच प्रकार सांगितले आहेत: सुरभी आणि असुरभी. गंमत बघा, दोन्ही एकाच जातीचे गुण. दोघांचाही आश्रय पृथ्वीच. इकडे जॉन लॉक म्हणतो, वास हा वस्तूत जसाच्या तसा नसतोच. वस्तूत असते ती आपल्यात तशी संवेदना उठवण्याची शक्ती. वैशेषिक आणि लॉक यांचं भांडण आज मिटवायचं नाही. पण स्टापेलियाच्या कुंडीपाशी उभं राहिलं की एक गोष्ट दोघांनाही मान्य करता येईल असं वाटतं. रेणू फुलाचे आहेत. त्यांना 'घाण' ठरवणारा शेरा मात्र आपला आहे.

लावायची कशी, ते आता सांगतो. ओळखीच्याकडून स्टापेलियाचं बोटभर खोड घ्या. कापलेली बाजू चार-सहा दिवस सावलीत सुकू द्या. ओलीच खोचलीत तर कुजेल. माती, जाड वाळू आणि विटेचे किंवा कोळशाचे बारीक तुकडे सारख्या प्रमाणात घ्या. कुंडी पसरट असावी आणि तिला खाली भोक हवंच. सकाळचं ऊन द्यावं, भर दुपारचं टाळावं. माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी नाही, आणि थंडीत जवळजवळ नाहीच. आपल्याकडे हे झाड उन्हानं कमी आणि पावसानं जास्त मरतं. तेव्हा जून ते सप्टेंबर छपराखाली ठेवा. मुळांशी पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण लागतो, म्हणून वर्षातून एकदा कुंडी पालथी करून मुळं बघा. कळ्या बहुधा पावसाळा सरताना येतात. कळी फुग्यासारखी फुगते आणि एका दिवशी उलगडते. फूल दोन-तीन दिवस टिकतं.

सुरणाला सबुरी हवी. लहान कंद लावलात तर काही वर्षं फक्त पान येईल. छत्रीसारखं दिसतं, शोभतंही. दरवर्षी पान वाळलं की कंद विश्रांती घेतो. तेव्हा पाणी बंद. कंद पुरेसा मोठा झाला की एखाद्या वर्षी, पावसाच्या तोंडावर, पानाच्या आधी जमिनीतून जांभळट फुलोरा वर येईल. कच्च्या कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यांनीच घसा खवखवतो. लहान मुलांच्या हाती कंद लागू देऊ नका.

आता तो पहिला प्रश्न: व्याख्यान आम्हीच का द्यावं?

झालं असं. काही वर्षांपूर्वी आमच्या गॅलरीत स्टापेलियाचं पहिलं फूल उमललं. आम्ही दोघं खूश. फोटो काढले. दुसऱ्या दिवशी जिन्यात वास भरला. कोणी म्हणालं, उंदीर मेलाय. गच्चीवरची टाकी उघडून झाली, मीटरच्या खोलीत शोधून झालं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागला होता. खालच्या मजल्यावर नुकतंच एक कोळी कुटुंब भाड्यानं राहायला आलं होतं. 'त्यांच्या घरी सुकी मासळी असते', 'भाडेकरू ठेवताना विचार करायला हवा होता', असे निरोप एकामागून एक येत होते. त्यांच्या दारावर कोणी जाऊन विचारलंसुद्धा नाही.

आम्ही ते सगळं वाचलं. वास कशाचा आहे, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी त्या रात्री आम्ही काही लिहिलं नाही. उद्या सांगू म्हटलं. खरं कारण लाज. इतकी वर्षं नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला एवढं एक वाक्य लिहायला रात्र लागली! सकाळी आम्ही दोघं खाली गेलो. त्या घरातल्या बाईंनी दार उघडलं, आणि आम्ही काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "काका, आम्ही काल काहीच आणलं नव्हतं हो. हवं तर आत येऊन बघा." दोष नसताना त्या खुलासा देत होत्या. आम्ही त्यांना वर नेलं आणि फूल दाखवलं. त्या वाकल्या, वास घेतला, नाक मुरडलं आणि खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "हा मासळीचा वास नाहीच. मासळीवाल्याला विचारलं असतं तर त्यानं लगेच सांगितलं असतं." ग्रुपवर आम्ही कबुली लिहिली. दोघा-तिघांनी हसण्याची चिन्हं टाकली. आदल्या दिवशीच्या निरोपांबद्दल माफी कोणीही मागितली नाही.

कांटनं म्हटलंय, की गंध हा स्वातंत्र्याच्या विरुद्ध जाणारा विषय आहे. डोळे फिरवता येतात. वास मात्र शेजाऱ्याला, त्याची इच्छा असो-नसो, घ्यावाच लागतो. म्हणून सगळ्या इंद्रियांत घ्राणेंद्रिय त्याला सर्वांत बिनगरजेचं वाटलं. शेजाऱ्याबद्दलचं त्याचं म्हणणं आम्हाला मान्य आहे. आपला छंद दुसऱ्याच्या नाकात जातो, ही जबाबदारी खरीच. पण कांटनं एक गोष्ट पाहिली नाही. ती आपल्या समाजाला फार जवळून ठाऊक आहे. आपण वासावर थांबत नाही. वासावरून माणसावर जातो. कोणाच्या अंगाला, कोणाच्या घराला, कोणाच्या वस्तीला वास येतो, हे आपण शतकानुशतकं ठरवत आलो, आणि त्यावरून कोणाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं तेही ठरवलं. तर्कशास्त्राच्या भाषेत ही सदोष अनुमानं. कारण न तपासता जुनी व्याप्ती लावून टाकायची. नैयायिक निदान धूर बघून अग्नीकडे जातात. आपण धूर बघून थेट शेजाऱ्याच्या जातीकडे जातो.

म्हणून आमचा सल्ला असा. ही झाडं जरूर लावा, पण कळी फुगली की शेजाऱ्यांना आधी सांगा. उमलण्याच्या दिवशी कुंडी गच्चीवर न्या. शेजारच्या मुलांना बोलवा, माशीची अंडी दाखवा, परागपुंज दाखवा. आणि पुढच्या वेळी जिन्यात घाण वास आला, तर कोणाचं नाव घेण्याआधी स्वतः जाऊन वास कुठून येतो ते शोधा.

आमच्या गॅलरीत ती कुंडी अजून आहे. तिचा एक तुकडा खालच्या मजल्यावर गेला होता. ते कुटुंब आता दुसरीकडे राहायला गेलं, पण गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी फोटो पाठवला: पहिलं फूल, आणि खाली लिहिलेलं, 'आम्ही सगळ्या मजल्यांना आधीच कळवलंय.'

आता प्रश्न विचारा.