मोठे घर, लांबचे घर

घरात तिसरी पिढी आली, किंवा गावाकडचे वृद्ध आईवडील कायमचे मुक्कामाला आले, म्हणजे दोन खोल्यांचा संसार अपुरा पडू लागतो. आणि मग मध्यमवर्गीय कुटुंब, ते मुंबईतले असो वा पुण्यातले, घरांच्या जाहिराती चाळता चाळता दादरहून मुलुंडला, मुलुंडहून डोंबिवलीला आणि डोंबिवलीहून बदलापूरला, अथवा कोथरूडहून बावधनला आणि हडपसरहून वाघोलीला जाऊन पोहोचते. हे स्थलांतर ऐपतीच्या मर्यादेतून घडत असल्यामुळे त्यात एक प्रकारची अधीरता असते, आणि अधीर मनुष्य कागदपत्रांपेक्षा ऐकीव समजुतींवर अधिक विसंबतो. ज्या समजुतींच्या आधारावर आयुष्याची पुंजी आणि पुढील वीस वर्षांचे वेतन पणाला लागते, त्या किती टिकाऊ आहेत हे व्यवहारापूर्वी तपासून पाहणे अगत्याचे आहे.

शहरापासून जितके दूर जावे तितके घर स्वस्त पडते, ही त्यांपैकी सर्वांत रूढ समजूत. तिच्यात तथ्यांश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या दहा लाखांच्या कर्जाचा हप्ता दरमहा सुमारे ८,६८० रुपये येतो. म्हणजे वीस लाखांनी स्वस्त घर घेणाऱ्याचे महिन्याला सतरा हजारांहून अधिक रुपये वाचतात, आणि ही रक्कम ज्या घरात मुलांची फी व वडिलांची औषधे एकाच पगारातून भागवायची असतात त्या घराला थोडी नाही. परंतु हिशेबाची दुसरी बाजू रुपयांत मांडली जात नसल्यामुळे ती बहुधा मांडलीच जात नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ आणि बदलापूर सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. बदलापूरहून केवळ गाडीतच साधारण दीड तास जातो, घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी हे अंतर वेगळेच. नव्या घरामुळे जाण्यायेण्याचा प्रत्येकी एक तास वाढला, तर वर्षाच्या अडीचशे कामाच्या दिवसांत एका माणसाचे पाचशे तास खर्ची पडतात, आणि पतिपत्नी दोघेही नोकरी करीत असतील तर हजार. ज्या मुलांसाठी आणि वृद्धांसाठी जास्तीची खोली घेतली, त्यांच्याच वाट्याचे हे तास असतात.

म्हणून लांब जाऊ नये, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या दांपत्याची नोकरी अंबरनाथच्या वा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, त्याला बदलापूर किंवा पनवेल हे दूर नाहीच. अंतर मोजायचे ते स्वतःच्या नोकरीपासून, मुलांच्या शाळेपासून आणि ज्या रुग्णालयात आईला रात्री-अपरात्री न्यावे लागेल त्या रुग्णालयापासून. शहराच्या नावाजलेल्या मध्यबिंदूशी आपल्या संसाराचा काही संबंध असेलच असे नाही. शिवाय हे अंतर रविवारी दुपारी मोजून उपयोग नाही. कल्याणला येणाऱ्या सगळ्या लोकल पुढे कर्जतच्या किंवा कसाऱ्याच्या फाट्याला जात नाहीत. तेव्हा कामाच्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या स्थानकावर उभे राहून गाडीत शिरता येते की नाही हे पाहणे, नमुना-घराच्या रंगसंगतीकडे पाहण्यापेक्षा शतपटीने महत्त्वाचे आहे.

घर मोठे म्हणजे किती मोठे, याविषयीचा भ्रम त्याहून जुना आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि विक्रीचे क्षेत्र चटई क्षेत्रातच सांगण्याचे बंधन आले. तरीही दलालाच्या तोंडी अद्याप जिना, लॉबी, गच्ची यांचा हिस्सा मिसळलेला आकडा असतो. नऊशे चौरस फूट म्हणून सांगितलेल्या घरावर असा पस्तीस टक्क्यांचा भार चढविलेला असेल, तर प्रत्यक्ष वापरायला सुमारे ६६७ चौरस फूट उरतात. कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरली जात नाही. म्हणून दोन घरांची तुलना करताना चटई क्षेत्र निराळे आणि बाल्कनी निराळी मांडावी. मोठे घर परवडत नाही म्हणून शेजारशेजारची दोन लहान घरे घेऊन मधली भिंत पाडण्याचा मार्गही पुष्कळजण सुचवितात. तो अशक्य नाही. परंतु ती भिंत इमारतीचा भार पेलणारी आहे काय हे संरचना अभियंत्याने सांगितल्यावाचून, आणि सोसायटीची व नियोजन प्राधिकरणाची परवानगी मिळाल्यावाचून, तिला हात लावता येत नाही.

आता पाण्याकडे वळू; कारण गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले म्हणजे नळाला पाणी आले, या समजुतीने जितकी कुटुंबे फसली तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने फसली असतील. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे समाविष्ट झाली. उंड्री, धायरी, आंबेगाव ही पहिल्या खेपेची, वाघोलीसारखी दुसऱ्या. राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध होताच हद्द बदलते, परंतु जलवाहिनी, साठवण टाक्या आणि मलनिस्सारणाची व्यवस्था यांना त्यापुढे कित्येक वर्षे लागतात, आणि मधल्या काळात नव्या वसाहतींची तहान टँकरवर भागते. महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत पाणी पुरविण्याची जबाबदारी आपली, असे हमीपत्र विकासकाकडून घेतले जाते खरे. पण सोसायटी स्थापन होऊन कारभार रहिवाशांच्या हाती आल्यावर टँकरचे देयक बहुधा त्यांच्याच माथी येते. त्यामुळे अशा भागात घर पाहणाऱ्याने शेजारच्या जुन्या सोसायटीच्या चिटणिसाला भेटून मागील वर्षाच्या ताळेबंदातील टँकरच्या खर्चाची बाब दाखविण्याची विनंती करावी, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी किती वेळ येते हे त्या इमारतीतील गृहिणींना विचारावे. यापेक्षा विश्वसनीय साक्ष मिळणार नाही.

पाण्याचे दुर्भिक्ष जितके खरे तितकाच त्याचा अतिरेकही. नदीकाठचे घर निसर्गरम्य म्हणून चढ्या भावाने विकले जाते. परंतु जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा अनुक्रमे पंचवीस आणि शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या असतात, आणि त्या नकाशावर आपली इमारत कोठे पडते हे विचारणारा ग्राहक विरळा. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून शेकडो प्रवाशांना बाहेर काढावे लागले, आणि जुलै २०२४ मध्ये मुठेच्या पुराचे पाणी पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतल्या घरांत शिरले. शंभर वर्षांत एकदा या शब्दांचा अर्थ आपल्या हयातीत नाही असा होत नाही.

कागदपत्रांविषयीच्या गैरसमजांना माझ्या मते सर्वांत अधिक जागा द्यावयास हवी, कारण पाणी आज नसले तर उद्या येऊ शकते, पण बेकायदा ठरलेले घर संपूर्णच जाते. खरेदीखताची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली, मुद्रांक शुल्क भरले, म्हणजे सरकारने व्यवहारावर शिक्कामोर्तब केले असे लोक मानतात. वस्तुतः १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दस्तऐवजाची नोंद होते. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी, इमारत अधिकृत की अनधिकृत, याचा निवाडा तो अधिकारी करीत नाही. घरपट्टीची पावती आणि विजेचे मीटर यांवर विसंबणे तर त्याहून धोक्याचे आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ अन्वये अनधिकृत इमारतीवर दंडस्वरूप कर बसतो, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीकर या नावाने तो अनेक वर्षे गाजला. परंतु हा दंड भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कलमात नमूद आहे.

महारेराचा, म्हणजे वर उल्लेखिलेल्या स्थावर संपदा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असला म्हणजे चिंता मिटली, ही नव्या काळातील श्रद्धा होय. या कायद्याने ग्राहकाचे बळ निःसंशय वाढविले: करारनामा नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशाचा सत्तर टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेत दोष आढळल्यास तो विकासकाला विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. परंतु कल्याण-डोंबिवलीत पासष्ट इमारतींसाठी महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे ही नोंदणीही मिळविली गेल्याचे उघडकीस आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी क्रमांक पाहिला होता, कर्जे काढली होती, हप्ते भरले होते. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत विकासकाकडून घेऊन न थांबता ती महापालिकेच्या नगररचना विभागात नेऊन मूळ नोंदीशी ताडून पाहावी, आणि त्याच वेळी विकास आराखड्यात त्या जमिनीवर आरक्षण आहे काय हेही पाहून घ्यावे. तयार घर असल्यास भोगवटा प्रमाणपत्रावाचून व्यवहार करू नये.

फ्लॅटपेक्षा एखाद-दोन गुंठे जमीन घेऊन बंगला बांधावा, असा विचार कर्जत, मुरबाड, मुळशी या बाजूंना जाऊन आलेल्यांच्या मनात हमखास येतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि त्याचा भाव शहरातल्या फ्लॅटच्या मानाने इतका कमी असतो की मोह पडावा. परंतु १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या असल्या, तरी आपला तुकडा त्यांत बसतो की नाही हे तहसील कचेरीत विचारल्याशिवाय गृहीत धरता येत नाही. सातबारावर नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली असेही नाही. तो महसुली अभिलेख आहे, आणि विरुद्ध पुरावा येईपर्यंतच तो खरा धरला जातो. त्याच उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बहुधा नजराणा भरल्यावाचून ती जमीन हस्तांतरित होत नाही. आणि जेथे केवळ कुलमुखत्यारपत्र व मुद्रांकावरील करार यांवर विक्री केली जाते, तेथे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही.

येणाऱ्या मेट्रोच्या आणि विमानतळाच्या भरवशावर घेतलेल्या घरांविषयी थोडक्यातच सांगतो. नवी मुंबईच्या बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि तिच्यातून प्रवासी जाऊ लागले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. नवी मुंबई विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. प्रकल्प पूर्ण होतात, पण घराची किंमत घोषणेच्या दिवशीच वाढते, आणि जे मूल पाचवीत असताना घर घेतले ते मेट्रो धावेपर्यंत पदवीधर झालेले असते.

राहिला पैशाचा प्रश्न. बँक घराची सगळी किंमत देते, ही समजूत चुकीची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या नव्वद टक्के, तीस ते पंच्याहत्तर लाखांत ऐंशी टक्के, आणि त्यावरील कर्जात पंच्याहत्तर टक्के एवढीच मर्यादा आहे, व मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च साधारणतः त्या किमतीत धरला जात नाही. पुण्याच्या महापालिका हद्दीतील साठ लाखांच्या घरासाठी बारा लाख पदरचे, सात टक्के दराने मुद्रांकाचे चार लाख वीस हजार आणि नोंदणीचे तीस हजार, असे साडेसोळा लाख हाताशी हवेत. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटीचे तीन लाख आणखी. स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांकात एक टक्क्याची सवलत आहे, परंतु पतीचे नाव सोबत जोडले की ती मिळत नाही. याउलट एक खरी सवलत पुष्कळांना ठाऊक नसते. पंचेचाळीस लाखांपर्यंतच्या घरावर जीएसटी एकच टक्का लागतो. मात्र त्यासाठी मुंबई महानगर प्रदेशात चटई क्षेत्राची मर्यादा साठ चौरस मीटर आहे, तर पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे ती नव्वद, म्हणजे सुमारे ९६८ चौरस फूट आहे. मोठ्या कुटुंबाला हा फरक कामी येण्याजोगा आहे.

पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी मुळीच नाही, आणि येथेच जुने घर म्हणजे दुय्यम प्रतीचे घर या समजुतीचा फेरविचार करावा लागतो. डोंबिवली, ठाणे वा पुण्याच्या जुन्या उपनगरांत तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत खोल्या ऐसपैस असतात, पाण्याची जोडणी मुरलेली असते, आणि शेजाऱ्यांचा अनुभव विचारता येतो. संरचनेची तपासणी करून घ्यावी, बँक इमारतीचे उर्वरित आयुष्य पाहते हे ध्यानात ठेवावे, आणि सहकारी सोसायटी आहे की १९७० च्या कायद्याखालील अपार्टमेंट हेही विचारावे. कारण अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्चाची विभागणी अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात होते, आणि मोठ्या घराला तो अधिक पडतो. परंतु सर्वांत आधी जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या (मोफा) कायद्याप्रमाणे ती सोसायटीच्या नावे करून देणे विकासकावर बंधनकारक असूनही असंख्य सोसायट्यांना ती मिळालेली नाही, आणि म्हणूनच २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे विकासकाच्या सहकार्यावाचूनही जमीन नावे करून घेण्याची, तरतूद झाली. पुढे पुनर्विकासाचा प्रश्न येईल तेव्हा जमिनीवरचा अधिकारच निर्णायक ठरतो; यास्तव दोन जुन्या घरांपैकी निवड करायची झाल्यास, ज्या सोसायटीचे नाव मिळकत पत्रिकेवर लागले आहे तिच्यातले घर चार लाखांनी महाग पडले तरी तेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.