बाराखडी पाठ, वाचन मात्र अडलेले

पहिलीतल्या मुलाला बाराखडी तोंडपाठ आहे म्हणजे त्याला वाचता येते, हा समज मराठी घरांत आणि शाळांत इतका रुजलेला आहे की, तेच मूल तिसरीत साध्या परिच्छेदापाशी अडखळू लागेपर्यंत त्याची शहानिशाच होत नाही. वाचनात लिहिलेल्या खुणेवरून उच्चार ओळखणे, उच्चार जुळवून शब्द बनवणे आणि त्या शब्दाचा अर्थ लागणे या क्रिया जवळजवळ एकाच वेळी घडाव्या लागतात. पाठांतरात यांपैकी एकही घडत नाही.

देवनागरीत व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी अशी स्वरचिन्हे जोडून अक्षरे तयार होतात, आणि सुमारे चौतीस व्यंजनांची प्रत्येकी बारा रूपे धरली तर ती चारशेंवर जातात. ही सगळी घोकून झाल्यावरच शब्दांकडे वळायचे ठरवले, तर वर्ष निरर्थक उच्चारांतच सरते. शिवाय काही अडचणी सराईत वाचकाच्या ध्यानातही येत नाहीत: ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार मागून होतो, ‘कमळ’मधल्या अखेरच्या ‘ळ’तला ‘अ’ बोलताना गळतो, ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ लिहिण्यात एक असला तरी उच्चारात वेगळा असतो.

फलटण येथे १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून अक्षरे आणि स्वरचिन्हे छोट्या गटांनी शिकवण्यावर भर दिला. क, म, न, र आणि काना एवढ्या भांडवलावर मुलाला नाक, कान, मका, मामा हे शब्द वाचता येतात, इतकेच नव्हे तर ‘काका, काम करा’ हे अख्खे वाक्यही वाचता येते; वाचले की काहीतरी कळते, हा अनुभव त्याला सुरुवातीलाच मिळतो आणि पुढच्या गटाची ओढ त्यातूनच लागते.

मात्र शब्द मुलाच्या बोलण्यातला असेल तरच तो वाचल्यावर कळतो. वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातल्या मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी जवळजवळ परकी असते, म्हणून त्याची बोली वर्गात चुकीची ठरवणे म्हणजे वाचनाचा पायाच काढून घेणे होय. मुलाने चित्र काढावे, त्याविषयी आपल्या भाषेत सांगावे आणि शिक्षकाने किंवा पालकाने ते वाक्य त्याच्यासमोर चित्राखाली लिहून बोट ठेवत वाचावे, ही खडू-पाटीवर भागणारी कृती महागड्या संचांहून अधिक मोलाची आहे. निरक्षर आईवडिलांचाही यात वाटा असतो, कारण गोष्टी सांगण्याने आणि मुलाशी भरभरून बोलण्याने त्याचा शब्दसंग्रह वाढतो. याउलट एकच ओळ दहादा उतरवून घेणे, किंवा पहिलीतच ऱ्हस्व-दीर्घाखाली लाल रेघा ओढणे, यांतून हस्ताक्षर सुधारलेच तर सुधारते, लिहिण्याची हौस मात्र आटते.

‘निपुण भारत’ या २०२१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. तेव्हा पालकांनी शाळेत ‘किती अक्षरे झाली?’ एवढेच विचारून थांबू नये. मुलाने पूर्वी न पाहिलेल्या चार सोप्या ओळी त्याच्यापुढे ठेवाव्यात आणि त्यांत काय आहे, हे त्याच्याच शब्दांत ऐकावे.