कुमार वाचकांसाठी चित्रकादंबरीचे वाचनमूल्य

प्रस्तावना :
चित्रे म्हणजे अक्षरओळख होईपर्यंतची सोय, असा समज मराठी घरांत व शाळांत रूढ आहे. चित्रकादंबरी अर्थात ग्राफिक नॉव्हेल या प्रकाराने तो तपासून पाहण्याची गरज निर्माण केली आहे. प्रस्तुत लेखात कुमार वाचकांच्या दृष्टीने या प्रकाराचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईत 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिच्यामुळे पुराणकथा व चरित्रे घरोघरी पोहोचली. दीर्घ व गंभीर आशय पेलणारी चित्रकादंबरी भारतात नंतर आली. नर्मदेवरील धरणाच्या प्रश्नावरील ओरिजित सेन यांची 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी, १९९२ मध्ये आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'ला पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले होते.

वाचनाची प्रक्रिया :
दोन चौकटींमधील कोऱ्या जागेत काय घडले, हे चित्रकादंबरी सांगत नाही. ते वाचकाने ताडायचे असते. शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरेच सुचवतो, तेव्हा दोहोंचा मेळ वाचकालाच घालावा लागतो. म्हणून हे वाचन सोपे असले तरी निष्क्रिय नसते.

'भीमायन' या २०११ मधील ग्रंथात दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी परधान गोंड शैलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुभव चितारले आहेत. त्यात सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, तर जिव्हारी लागणारे बोलणे विंचवाच्या नांगीच्या फुग्यात येते. शाळेत पाणी नाकारले गेलेल्या मुलाची वेदना त्याच वयाच्या वाचकाला व्याख्येविना कळते.

पवईचा संदर्भ :
पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ पासून औद्योगिक अभिकल्प केंद्र कार्यरत आहे. 'मंगल' या देवनागरी अक्षरसंचाचे रचनाकार र. कृ. जोशी यांनी तेथे अध्यापन केले. चित्रकादंबरीशी या परंपरेचा निकटचा संबंध आहे. देवनागरीत मात्रा व वेलांट्या ओळीच्या वर, उकार खाली येतात. इंग्रजीसाठी आखलेल्या फुग्यात असा मजकूर कोंबल्यास तो वाचणे कठीण होते. अक्षराचे वळण हाच येथे पात्राचा आवाज असतो.

विसंगती :
जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये मराठीत लिहिली. तिच्यावर आधारित 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' ही चित्रकादंबरी २०११ मध्ये इंग्रजीत आली. 'भीमायन'ची मूळ आवृत्तीही इंग्रजीच. महाराष्ट्राच्या मातीतील हा आशय प्रथम परभाषेत साकारला, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

निष्कर्ष :
चित्रकादंबरी गद्यवाचनाची जागा घेत नाही. अर्थ लावण्याची सवय मात्र ती लावते. दोन चौकटींच्या मध्ये काय घडले असावे, एवढा एकच प्रश्न शिक्षकाने विचारला तरी वर्गात चर्चा सुरू होऊ शकते. त्यासाठी शालेय ग्रंथालयांनी या ग्रंथांना स्थान देणे आणि देवनागरीचा विचार करून घडविलेल्या मराठी चित्रकादंबऱ्या निर्माण होणे आवश्यक आहे.