टाकी मोठी, तोटी बारीक : इलेक्ट्रिक गाडी आणि घराची वीज

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत घराला पुरून उरेल एवढी वीज असते, हे विधान खरे आहे, आणि ते खरे असल्यामुळेच त्यावरून काढला जाणारा चुकीचा निष्कर्ष खोडून काढणे अवघड जाते. परभणी जिल्ह्यात वळवाच्या वाऱ्याने तारा तुटून किंवा ऐन उन्हाळ्यात डीपी जळून लाईट जाण्याचे प्रसंग नवे नाहीत. तेव्हा चार्ज केलेली गाडी दारात उभी असताना घराने अंधारात का राहावे, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे सर्रास दिले जाणारे उत्तर असे, की दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर करून घ्यावी, तिचे एक टोक गाडीच्या सॉकेटमध्ये आणि दुसरे घरातल्या पॉवर प्लगमध्ये खोचावे, म्हणजे सगळे घर उजळते. हे उत्तर जीवघेणे आहे, आणि त्यातले ‘उजळते’ एवढे मात्र खरे असल्यामुळे ते अधिकच जीवघेणे ठरते.

आधी खऱ्या भागाचा हिशेब पाहू. सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या टाटा नेक्सॉनच्या इलेक्ट्रिक गाडीतील मोठ्या बॅटरीची क्षमता ४०.५ किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ४०.५ युनिट होती. इन्व्हर्टरला जोडलेली १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी काठोकाठ भरली तरी तिच्यात १.८ युनिटच मावतात. म्हणजे अशा बावीस बॅटऱ्या गाडीच्या पोटात आहेत. चार पंखे, सहा एलईडी दिवे, फ्रीज, टीव्ही आणि एक कूलर यांचा सरासरी भार साडेसहाशे वॅट धरला आणि बॅटरीतील सत्तर टक्केच वीज वापरायची ठरवली, तर रूपांतरातील घट वजा जाऊनही हे घर दीड दिवसाच्या आसपास चालू शकते. परंतु युनिट हे साठ्याचे माप आहे आणि किलोवॅट हे एका वेळी किती वीज काढता येते याचे. टाकी कितीही मोठी असली तरी पाणी तोटीच्या जाडीनेच येते. गाडीची ही तोटी साधारण साडेतीन किलोवॅटच्या आत असते, त्यामुळे दीड टनाचा एसी आणि गीझर एकदम लावले की पुरवठा खंडित होतो.

शिवाय ही तोटी प्रत्येक गाडीला असतेच असे नाही. बॅटरीतील वीज काहीशे व्होल्टची डीसी असते, तर घरातील उपकरणांना २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची एसी लागते. हे रूपांतर करून वीज बाहेर देण्याच्या सोयीला ‘व्हेईकल टू लोड’ म्हणतात. वरील नेक्सॉन, ह्युंदाईची आयोनिक ५ किंवा २०२५ मध्ये आलेली क्रेटा इलेक्ट्रिक यांत ती आहे. ज्या गाडीत ती नाही, तिच्या चार्जिंगच्या तोंडातून वीज आत जाते, बाहेर येत नाही, आणि कोणताही जुगाड ती सुरक्षितपणे बाहेर आणू शकत नाही. ‘लोड’ म्हणजे येथे एखादे उपकरण अभिप्रेत आहे : गाडीपासून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून त्यावर फ्रीज आणि पंखा लावावा, एवढाच या सोयीचा सरळ अर्थ.

घराचे वायरिंग ही निराळी गोष्ट आहे, कारण ते मीटरमधून खांबाशी आणि खांबावरून डीपीशी जोडलेले असते. डीपीतील ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतो, तसाच तो उलट दिशेनेही काम करतो. घराकडून शिरलेली वीज त्यातून चढून लाईनवर उच्च दाबाने जाऊ शकते, आणि त्या लाईनवर पुरवठा बंद आहे असे समजून वायरमन चढलेला असतो. शेजाऱ्यांचा भार पडताच गाडी स्वतःहून पुरवठा तोडते, असा बचाव यावर हमखास केला जातो. मात्र वादळात तार मध्येच तुटली असेल आणि तुटक्या तुकड्यावर दोनच घरे उरली असतील, तर गाडी तो भार निवांत पेलते आणि जमिनीवर पडलेली तार जिवंत राहते. ‘मेन स्विच बंद केला की झाले’ हा दुसरा बचाव, आणि तो रात्री दोन वाजता, घामाने भिजलेल्या, अर्धवट झोपेतल्या माणसाच्या आठवणीवर उभा आहे. विसर पडला आणि लाईट आली, तर एकमेकांशी ताल न जुळलेले दोन पुरवठे समोरासमोर येतात, आणि त्यात जळते ती गाडीची महागडी यंत्रणा. वायरचे एक टोक निसटले तर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात, हे तर सांगायलाही नको.

यावर साधा उपाय दोन पोलांच्या चेंजओव्हर स्विचचा आहे, ज्याच्या रचनेमुळेच महावितरण आणि गाडी एकाच वेळी घराला जोडली जाऊ शकत नाहीत. तो परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच बसवून घ्यावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेविषयीचे २०२३ चे विनियम तसे सांगतात. वीज येण्याचा उगम बदलला की न्यूट्रल आणि अर्थिंग यांचे नातेही बदलते, आणि शॉक बसताच तुटणारा घरातील आरसीसीबी कदाचित तुटतच नाही. ठेकेदाराने हे तपासले का, हे विचारून घ्यावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रफितींतील पूर्ण घर चालवणाऱ्या गाड्या खोट्या नसतात. २०११ च्या भूकंपानंतर जपानमध्ये निस्सानने २०१२ साली लीफ गाडीसाठी सहा किलोवॅटची अशी व्यवस्था विक्रीस आणली, आणि अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० लायटनिंगने २०२२ मध्ये ९.६ किलोवॅटपर्यंत मजल मारली. मात्र दोन्हीकडे भिंतीवर एक स्वतंत्र यंत्रणा असते, जी लाईट जाताच घराला खांबापासून आपोआप तोडते. चित्रफितीत कॅमेरा गाडीवर असतो, त्या पेटीवर नव्हे.

बॅटरी यामुळे लवकर मरते, ही भीती फारशी खरी नाही : महामार्गावर गाडी पंधरा-वीस किलोवॅट ओढते, त्यापुढे घराचे अर्धा-पाऊण किलोवॅट किरकोळ आहेत, आणि परभणीच्या मे महिन्यात बॅटरी शंभर टक्के भरून उन्हात उभी ठेवणे तिला याहून अधिक जाचते. इलेक्ट्रिक स्कूटरची दोन ते चार युनिटांची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडणे म्हणजे २०२२ मधील आगींनंतर एआयएस-१५६ या मानकाने जी संरक्षणे सक्तीची केली, तीच हाताने उपटून टाकणे होय. लाईट गेल्यावर छतावरील सोलर चालू राहते, हाही भ्रमच. महावितरणच्या लाईनशी जोडलेला सोलर इन्व्हर्टर पुरवठा जाताच वायरमनच्या जिवासाठीच बंद होतो, आणि गाडीची वीज दाखवून त्याला फसवून चालू करणे हा वर वर्णिलेलाच धोका नव्या वाटेने ओढवून घेणे आहे. राहता राहिला शेतपंप : पाच अश्वशक्तीचा पंप थ्री फेजचा असतो, त्याला पावणेचार किलोवॅटहून अधिक वीज आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट झटका लागतो, तर गाडीतून मिळते ती सिंगल फेज, तेव्हा विहिरीवर नेलेली गाडी पंप न चालवताच परत आणावी लागेल, आणि रात्री कोणाला नांदेडच्या दवाखान्यात न्यायचे झाले तर त्या पाऊणशे किलोमीटरांपुरती वीज तिच्यात उरलेली असावी, एवढीच अपेक्षा.