नातवंडांचा सिनेमा आणि आजीआजोबांची नजर

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्यामुंबईकडची नातवंडे वर्ध्याला, आर्वीला, हिंगणघाटला आजोळी येतात. आईवडील दोन दिवस राहून नोकरीवर परततात आणि पोरे आपल्या स्वाधीन होतात. दुपारची जेवणे उरकली की मागणी येते, ‘आजी, कार्टूनचा सिनेमा लाव ना.’ पडद्यावर हसऱ्या प्राण्यांचे चित्र दिसते. आपण निर्धास्तपणे बटण दाबतो आणि वामकुक्षीसाठी आडवे होतो. रात्री मात्र पाच वर्षांचे पोर अंथरुणात उठून बसते आणि आईला फोन लाव म्हणून रडू लागते. झाले काय, हे आपल्याला उमगत नाही, कारण सिनेमा आपण पाहिलेलाच नसतो.

‘दिल्ली सफारी’ हा २०१२ चा, निखिल अडवाणी यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट घ्या. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला. मुंबईच्या जंगलातील बिबट्याचा बछडा, माकड, अस्वल आणि पोपट आपले जंगल वाचवावे म्हणून दिल्लीला निघतात, अशी ही गोष्ट. विनोद भरपूर, गाणी भरपूर. परंतु आरंभीच बछड्याचा बाप माणसांच्या हातून मारला जातो. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) या समुद्राखालच्या चित्रपटात माशाच्या पिल्लाची आई पहिल्या काही मिनिटांतच जाते, तर ‘द लायन किंग’मध्ये (१९९४) छाव्याच्या डोळ्यांदेखत बाप मरतो. हा योगायोग नव्हे. साहसकथेतील लेकराला घराबाहेर काढायचे तर त्याच्या डोक्यावरचे छत्र हरवावे लागते. म्हणून मारामारी किती आहे हे पाहण्याआधी कोण कोणापासून दुरावते हे पाहावे. आईला कालच बसमध्ये बसवून आलेल्या मुलाला नेमके तेच लागते.

प्रमाणपत्र पाहावेच. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी. पूर्वी ‘यूए’ हा एकच सरसकट वर्ग होता. २०२४ च्या नव्या नियमांनी त्याचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केले. ओटीटीवरील चित्रपटांना अशीच वर्गवारी २०२१ पासून लागू आहे. मात्र मंडळाला मुलांचे वय ठाऊक असते, आपली चिंगी ठाऊक नसते. तिला अंधाराचे भय आहे, की गेल्याच महिन्यात घरात कुणी वारले आहे, हे प्रमाणपत्रावर कसे लिहिलेले असणार? सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलालगत राहणाऱ्या आणि रात्री बाप ओलिताला गेल्यावर दाराकडे कान लावून झोपणाऱ्या मुलाच्या लेखी बिबट्या हा काही चित्रातला प्राणी नव्हे.

भयाची जातही वयाप्रमाणे बदलते. अमेरिकेतील संशोधक जोआन कँटर यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला. लहान मुले मुख्यतः रूपाला भितात, असे त्यात आढळले. ‘हल्क’ हा हिरवा राक्षसी नायक संकटात धावून येणारा, तरीही शाळेत न जाणारी मुले त्यालाच घाबरत. थोरल्या मुलांना, प्रत्यक्षात घडू शकेल अशा गोष्टी अधिक अस्वस्थ करतात. म्हणून चार वर्षांच्या मुलाला ‘अरे, ते खोटे आहे’ असे समजावून फारसे साधत नाही. त्याला कुशीत घ्यावे, पाणी द्यावे. नऊ वर्षांच्या मुलीशी मात्र बोलावे.

आपण गोष्ट सांगतो तेव्हा वाघ किती मोठा करायचा हे आपल्या हाती असते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला वाघ भेटतो तेव्हा ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारलेले दिसले, की आपण आवाज मऊ करतो, भोपळा लवकर पुढे ढकलतो. पडद्याला समोरच्या मुलाचा चेहरा दिसत नाही. तो पाहण्याचे काम आपले. शक्यतो आदल्या रात्री चित्रपट स्वतः पाहून घ्यावा. सबंध पाहणे जमत नसेल तर निदान पहिली आणि शेवटची वीस मिनिटे तरी पाहावीत. दुसऱ्या दिवशी शेजारी बसावे. मूल कानांवर हात ठेवू लागले, चादर डोळ्यांपर्यंत ओढू लागले किंवा एकाएकी अगदी गप्प झाले, तर थांबवावे आणि विचारावे. आणखी एक, जरा संकोचाने सांगतो. आपल्याला कमी ऐकू येते म्हणून आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. भयप्रसंगातील निम्मी भीती त्या आवाजात असते, तेव्हा मुलांसोबत बसताना तो उतरवावा. कान आपले मंदावले आहेत, त्यांचे नव्हेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासापेक्षा अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये. असे चित्रपट बहुधा दीड तासाचे असतात. ते दोन दिवसांत विभागून दाखवावेत. पण कुठे थांबायचे? घड्याळ पाहून मध्येच थांबवले तर बछडा रात्रभर एकटाच राहतो. पिल्लू कुणाच्या तरी सोबतीला पोचले, हसले, अशा जागी थांबावे.

संध्याकाळी अंगणात मूल विचारील, ‘आजोबा, त्याचे बाबा परत येतील का?’ येणार नाहीत, हे खरेच सांगावे. मग त्याची आई कुठे होती, त्याला कोणकोण भेटले, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावे. आणि मग त्याच्या स्वतःच्या बाबांना फोन लावून द्यावा.