सिद्धगिरीची वाट सोलापुरातून जाते

सोलापूर म्हटले की ज्वारीची काळी राने, मोकळे माळ आणि चादरींचे माग डोळ्यांपुढे येतात. डोंगर आपल्या वाट्याला फारसे आलेले नाहीत. त्यामुळे डोंगरावरच्या आश्रमात चार दिवस राहावे असे वाटले, की सोलापूरकराला सज्जनगड आठवतो, नाहीतर थेट हिमालय. पण कोल्हापूरच्या दक्षिणेला, करवीर तालुक्यात कणेरीची टेकडी आहे. तिथल्या काडसिद्धेश्वरांच्या मठाशी, म्हणजे सिद्धगिरीशी, सोलापूरचे गुरुशिष्याचे नाते आहे. ते समजून घेऊन गेलो, तर टेकडीवरची प्रत्येक पायरी अर्थाची होते.

संप्रदायात सांगतात, की निंबर्गी महाराजांना (१७८९–१८८५) नाम मिळाले ते सिद्धगिरीच्या मुप्पीन मुनींकडून. निंबर्गी हे गाव आजच्या विजयपूर जिल्ह्यातले. महाराज जन्माने लिंगायत आणि त्यांचा उपदेश कानडीत. त्यांचे शिष्य भाऊसाहेब महाराज उमदीकर (१८४३–१९१४) मात्र जत तालुक्यातील उमदीच्या मराठी देशपांडे घराण्यातले. त्यांनी इंचगेरीला मठ उभारला आणि नेम घालून दिला: पहाटे काकडा, दुपारी दासबोधाचे वाचन, रात्री भजन, आणि या सगळ्याच्या जोडीला ध्यान. लिंगायत गुरू, ब्राह्मण शिष्य, कानडी मुलूख आणि समर्थांचा मराठी ग्रंथ! जातीची आणि भाषेची कुंपणे या माणसांनी वादविवाद न करता ओलांडली. आजच्या सीमावादाच्या काळात हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

याच भाऊसाहेबांकडे १९०६ मध्ये एक तरुण आला. तो सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचा, १८८८ साली जन्मलेला, विजापुरात मारवाडी पेढीवर नोकरी करणारा. हेच पुढे सिद्धरामेश्वर महाराज म्हणून ओळखले गेले. बाराव्या शतकातील आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर वेगळे; हे विसाव्या शतकातले, प्रपंचात राहिलेले सत्पुरुष. गुरूंनी शिकवलेले ध्यान त्यांनी निष्ठेने केले आणि नंतर विचाराचा मार्ग धरला. जुन्या परिभाषेत ध्यानाचा मार्ग पिपीलिकेचा, म्हणजे मुंगीसारखा झाडावर चढत फळापर्यंत जाण्याचा. विचाराचा मार्ग विहंगमाचा, म्हणजे पक्ष्यासारखी थेट झेप घेण्याचा. ‘मी देह नाही, मग मी कोण?’ हा शोध ते साध्या मराठीत, प्रपंचातल्या माणसांपुढे मांडत.

त्यांच्याकडे १९३०च्या दशकात कणेरी मठाचे तरुण अधिपती काडसिद्धेश्वर महाराज आले आणि शिष्य झाले. गादीवर बसलेल्या स्वामींनी एका संसारी माणसाचे पाय धरावेत, ही साधी गोष्ट नव्हे. सिद्धगिरीवरून उतरलेला बोध निंबर्गी, उमदी, इंचगेरी आणि पाथरी असा दुष्काळी मुलूख तुडवत पुन्हा त्याच टेकडीवर पोहोचला. सिद्धरामेश्वर महाराजांनी १९३६ मध्ये मुंबईत देह ठेवला. त्यांचे आणखी एक शिष्य निसर्गदत्त महाराज यांचा खेतवाडीत विड्यांचा धंदा होता. त्यांच्या संवादांचे मॉरिस फ्रिडमन यांनी केलेले इंग्रजी पुस्तक १९७३ मध्ये निघाले आणि ही शिकवण जगभर गेली.

सोलापूरहून मंगळवेढे, सांगोले, कवठेमहांकाळ, मिरज असा रस्ता कोल्हापूरला जातो. पुढे पुणे–बंगळूर महामार्गावर गोकुळ शिरगावजवळून कणेरीला वळायचे. टेकडीवर जुने शिवमंदिर आहे. मठाची गोशाळा, रुग्णालय आणि सेंद्रिय शेतीचे प्रयोग आहेत. पण बहुतेक गाड्या थांबतात त्या ग्रामजीवन संग्रहालयासाठी. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी अशा बलुतेदारांच्या माणसाएवढ्या पुतळ्यांतून तिथे जुने गाव उभे केले आहे. मुलांना ते जरूर दाखवावे. मात्र आधी मंदिरात अर्धा तास शांत बसावे आणि मग संग्रहालयाकडे वळावे. उलट केले, तर दिवस फोटोंत संपतो आणि मठ पाहायचाच राहतो.

ज्यांना एवढा प्रवास जमत नाही, त्यांच्यासाठी सोलापूर–विजयपूर लोहमार्गावर निंबाळ आहे. तिथे डोंगर नाही, पण गुरुदेव रानडे यांचा आश्रम आहे. रामचंद्र दत्तात्रेय रानडे (१८८६–१९५७) हेही भाऊसाहेबांचेच शिष्य. उपनिषदांवरचा त्यांचा ग्रंथ १९२६ चा आणि महाराष्ट्रातील संतांच्या अनुभववादावरचा १९३३ चा. अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेला हा तत्त्वज्ञ निंबाळच्या माळावर नाम घेत राहिला आणि तिथेच त्याने देह ठेवला. साधनेला उंची लागते ती डोंगराची नव्हे, हे निंबाळला गेल्यावर पटते.

आश्रमात जाताना तिथल्या वेळा आणि शिस्त आधी विचारून घ्यावी. मुक्कामाची सोय गृहीत धरू नये. फोन बंद ठेवावा, पंगतीत बसून प्रसाद घ्यावा, आपले ताट आपण उचलावे. चमत्काराची अपेक्षा ठेवून जाऊ नये. या परंपरेने चमत्कारापेक्षा रोजच्या नेमाला मोठे मानले आहे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरकरांनी दूरच्या हिमालयाआधी ही जवळची वाट धरावी. आणि कणेरीला जाण्यापूर्वी घरातल्या मुलांना एवढे जरूर सांगावे, की या टेकडीच्या स्वामींचे गुरू आपल्या पाथरीचे होते.